तीन अधिक तीन: सहा वर्षांत कॉलेज आणि लॉ स्कूल, प्रवेशाची शक्यता घरबसल्या कशी मोजायची

आमच्याकडे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीची आरती झाली की प्रसादाच्या रांगेत एक प्रश्न हमखास येतो. "मुलगी यंदा बारावीला आहे, वकील व्हायचंय म्हणते. ते तीन अधिक तीन असतं ना, त्याला तिचा नंबर लागेल का?" त्यामागची काळजी मला चांगली ठाऊक आहे. माझ्या भाचीच्या वेळी मीही हेच विचारत फिरत होते. आपण प्रश्नच चुकीच्या वेळी विचारतोय, हे कळायला आम्हा सगळ्यांना दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं तुमची वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हे नक्की असतं काय

अमेरिकेत वकिलीचा नेहमीचा रस्ता सात वर्षांचा: चार वर्षं कॉलेज, मग तीन वर्षं लॉ स्कूल, आणि शेवटी जे.डी. ही पदवी. तीन अधिक तीनमध्ये मूल कॉलेजची तीन वर्षं पुरी करतं आणि चौथ्या वर्षी थेट लॉ स्कूलच्या पहिल्या वर्गात बसतं. त्या वर्षाचे क्रेडिट (प्रत्येक विषय पुरा केल्यावर जमा होणारी ठरलेली एककं) कॉलेजच्या खात्यात परत जमा होतात, त्यातून बी.ए. किंवा बी.एस. पूर्ण होते, आणि आणखी दोन वर्षांनी जे.डी. हातात येते.

ही सोय एका नियमामुळे शक्य होते. लॉ स्कूलना मान्यता देणारी वकिलांची संघटना, अमेरिकन बार असोसिएशन, हिच्या ५०२ क्रमांकाच्या मानकानुसार लॉ स्कूलला पदवीधर विद्यार्थी घ्यावे लागतात, किंवा पदवीचं तीन चतुर्थांश काम पूर्ण केलेले. पदवी १२० क्रेडिटची धरली तर ९० क्रेडिट. पुढचं सगळं गणित या ९० भोवती फिरतं, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

आमच्या पूर्व किनाऱ्यावर रटगर्स, सेटन हॉल, फोर्डहॅम, सेंट जॉन्स, हॉफस्ट्रा, ड्रेक्सेल, टेंपल, सिरॅक्यूज अशा बऱ्याच ठिकाणी याचं कुठलं ना कुठलं रूप आहे. दक्षिणेत ट्युलेन, मध्य भागात आयोवा. कोलंबियातही कोलंबिया आणि बर्नार्डच्या विद्यार्थ्यांसाठी असा मार्ग आहे, पण तो अगदी मोजक्यांसाठी, आणि तिथल्या लॉ स्कूलचा एलसॅटचा, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचा, मधला आकडा १८० पैकी १७० च्या वर असतो.

गैरसमज कुठे होतो

आपण मराठी आईवडील दोन चष्म्यांतून याकडे बघतो. पहिला भारतातला. तिथे बारावीनंतर क्लॅट किंवा एमएच-सीईटी दिली आणि पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला जागा मिळाली की ती जागा आपली. मग फक्त पास होत राहायचं. दुसरा चष्मा इथल्या बी.एस.-एम.डी.चा, म्हणजे कॉलेज आणि मेडिकलच्या जोडकार्यक्रमाचा. तिथेही हायस्कूलमध्येच मेडिकलची जागा राखून मिळते, आणि मुलाने ठरलेले गुण टिकवले तर ती टिकते.

तीन अधिक तीन बहुतेक ठिकाणी यातल्या कशासारखंच नाही. हायस्कूलमधून मिळतो तो कॉलेजचा प्रवेश, आणि फार तर या मार्गावर चालायची परवानगी. लॉ स्कूलची जागा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, जीपीए (कॉलेजच्या ग्रेडची सरासरी) आणि एलसॅटच्या जोरावर मिळवायची असते. म्हणजे दारं दोन. पहिलं पुष्कळदा मोठं असतं आणि सहज उघडतं, दुसरं अरुंद. बारावीतल्या मुलीच्या आईने "नंबर लागेल का" विचारलं की मी सांगते, पहिल्या दाराचं उत्तर त्या कॉलेजच्या स्वीकृतीच्या टक्केवारीत मिळेल. दुसऱ्याचं आज कुणाकडेच नाही. मात्र ते कसं मोजायचं हे शिकता येतं.

पायरी पहिली: कागद शब्दन् शब्द वाचा

प्रत्येक विद्यापीठाचं या कार्यक्रमाच्या नियमांचं एक पान असतं. ते छापून घ्या आणि हातात पेन घेऊन वाचा. क्रियापदांकडे लक्ष ठेवा. "अमुक जीपीए आणि अमुक एलसॅट असल्यास प्रवेश दिला जाईल" हे एक वाक्य. "अर्जाचा विचार केला जाईल" हे दुसरं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तुमची शक्यता तुमच्या हातात. दुसऱ्यात तुम्ही बाकी अर्जदारांच्याच रांगेत उभे, फक्त एक वर्ष लहान.

मग उंबरठ्याचा आकडा बघा. तो ठोस लिहिलाय का, की "मागच्या वर्षीच्या वर्गाच्या मीडियनइतका" असं लिहिलंय? मीडियन म्हणजे मधला आकडा, निम्मा वर्ग त्याच्या वर आणि निम्मा खाली. मीडियनशी बांधलेला उंबरठा हलता असतो. आज तुम्ही वाचताय तो आकडा तीन वर्षांनी वर गेलेला असू शकतो. अलीकडे लॉ स्कूलला अर्ज करणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली आहे, त्यामुळे आमच्या घरी आम्ही कागदावरच्या एलसॅटच्या आकड्यात दोन मिळवून तेच लक्ष्य धरलं. तुम्हीही धरा.

आणखी चार गोष्टी फोन किंवा ईमेल करून विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा. लॉ स्कूल त्याच विद्यापीठाचं आहे की कराराने जोडलेलं दुसरं? हायस्कूलमधून नाव नोंदवलं नाही तर दुसऱ्या वर्षी आत शिरता येतं का? मागच्या काही वर्षांत किती मुलांनी सुरुवात केली आणि किती खरोखर लॉ स्कूलमध्ये पोहोचली? आणि शेवटचं, कोणते मेजर, म्हणजे मुख्य विषय, चालतात? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

पायरी दुसरी: ९० क्रेडिटचा नकाशा, पहिल्या सेमिस्टरच्या आधी

सहा सेमिस्टर, प्रत्येकी पंधरा क्रेडिट, झाले ९०. ऐकायला सोपं. खरी अडचण अशी की लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट कॉलेजकडे बहुधा ऐच्छिक विषयांच्या रकान्यात जमा होतात. काँट्रॅक्ट्स, टॉर्ट्स, सिव्हिल प्रोसिजर यांनी तुमची अर्थशास्त्राची किंवा इतिहासाची अट पुरी होत नाही. म्हणजे मेजरचे सगळे कोर्स, सक्तीचे सगळे सामान्य विषय, परकी भाषा, विज्ञानाची प्रयोगशाळा, हे सगळं तीन वर्षांतच बसवायचं.

भाचीचं इथेच अडलं. मेजर राज्यशास्त्र, आणि शेवटचा मोठा सेमिनार फक्त चौथ्या वर्षाच्या मुलांना खुला. तिच्या सल्लागाराच्याही हे लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत ती घरी आली होती. जेवणं झाल्यावर आम्ही डिग्री ऑडिटची, म्हणजे पदवीच्या अटींच्या यादीची, पानं टेबलावर पसरली, चिवड्याचा डबा एका कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवला, आणि पुऱ्या झालेल्या अटींवर पिवळा हायलायटर फिरवत गेलो. पिवळं होता होता एक ओळ पांढरीच राहिली. तिने ती तीनदा वाचली. सुदैवाने वेळ हातात होता. विभागप्रमुखांना विनंती करून तो सेमिनार तिसऱ्या वर्षी घ्यायची लेखी परवानगी मिळाली. हेच तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये कळलं असतं तर सगळं मुसळ केरात.

म्हणून कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यातच सहा रकाने आखा आणि प्रत्येक कोर्स त्यात बसवून बघा. एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्ये दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे, क्रेडिट असतील तर श्वास घ्यायला जागा मिळते, पण ते मेजरसाठी चालतात की नुसते संख्येत धरतात हे तपासा. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, इंग्रजी हे विषय तीन वर्षांत बसतात. इंजिनीअरिंग बसवणं फार अवघड. ज्या मुलाला पेटंट कायद्यात जायचंय आणि त्यासाठी इंजिनीअरिंग हवंय, त्याने चार वर्षांचाच रस्ता घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी तिसरी: जीपीए, आणि तो कोण मोजतं

कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवरचा (अधिकृत गुणपत्रकावरचा) जीपीए आणि लॉ स्कूलपर्यंत पोहोचणारा जीपीए एकच असतील असं धरून चालू नका. लॉ स्कूलचे अर्ज लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिलमार्फत जातात. सगळे तिला एलसॅक म्हणतात. एलसॅक सगळी ट्रान्स्क्रिप्ट मागवून स्वतःच्या पद्धतीने जीपीए नव्याने काढते. ए प्लसला तिथे ४.३३ मिळतात, त्यामुळे ए प्लस देणाऱ्या कॉलेजातल्या मुलांना फायदा होतो. एखादा विषय पुन्हा घेऊन चांगली ग्रेड मिळवली आणि कॉलेजने जुनी ग्रेड हिशोबातून काढून टाकली, तरी दोन्ही ट्रान्स्क्रिप्टवर दिसत असतील तर एलसॅक दोन्ही धरते.

आणि हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजमधून घेतलेले ड्युअल एनरोलमेंटचे कोर्सही त्यात येतात. आपली मुलं हे कोर्स अकरावी-बारावीत सर्रास घेतात, कॉलेजचा खर्च वाचेल म्हणून. ते पदवीपूर्वी घेतलेलं कॉलेजचंच शिक्षण असल्यामुळे त्यांच्या ग्रेड लॉ स्कूलच्या जीपीएत मोजल्या जातात. एपी परीक्षेला ग्रेड नसते, ती मोजली जात नाही. भाचीने एलसॅकचा अहवाल उघडला आणि मला फोन केला, "मावशी, हा बी मायनस इथे कुठून आला?" अकरावीच्या उन्हाळ्यात घेतलेलं स्टॅटिस्टिक्स होतं ते. ती स्वतः विसरून गेली होती.

तीन वर्षांच्या मार्गावर प्रत्येक ग्रेड जास्त जड होते, हे हिशोब मांडून बघा. अर्ज करताना साधारण पाच सेमिस्टरचे ७५ क्रेडिट नोंदले गेलेले असतात. तीन क्रेडिटच्या एका विषयात ए ऐवजी सी आली तर सहा गुणांक गेले. सहा भागिले ७५ म्हणजे ०.०८. तेच चार वर्षांच्या रस्त्यावर, अर्जाच्या वेळी सात सेमिस्टरचे १०५ क्रेडिट असतील, तर घट ०.०६ च्याही खाली. आकडा बारीक वाटतो, पण ३.७५ चा उंबरठा असताना ३.६८ वर अडकणं फार क्लेशदायक असतं. पहिल्या सेमिस्टरला बिचकलेल्या मुलाला सावरायला चौथं वर्ष मिळतं. या मार्गावर ते वर्षच नाही.

त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला विषय जपून निवडा. मेडिकलही हातचं राखायचं म्हणून ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि त्याबरोबर प्री-लॉ, असं दोन होड्यांत पाय ठेवणं इथे परवडत नाही. लॉ स्कूलला सक्तीचे कुठलेच विषय नसतात. भरपूर वाचायला आणि लिहायला लावणारे विषय घ्यावेत, ज्यांत मूल मनापासून रमतं ते घ्यावेत.

पायरी चौथी: एलसॅट

शक्यतेचा सगळ्यात मोठा हिस्सा इथे ठरतो, आणि नेमका इथेच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

एलसॅटचे गुण १२० ते १८० मध्ये येतात. ऑगस्ट २०२४ पासून परीक्षेचं रूप बदललं. लॉजिक गेम्स नावाचा कोडी सोडवायचा भाग गेला. आता गुण धरले जाणारे तीन भाग आहेत, दोन लॉजिकल रीझनिंगचे आणि एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा. चौथा भाग प्रायोगिक असतो, त्याचे गुण धरत नाहीत, पण तो कोणता हे परीक्षेत कळत नाही. प्रत्येक भाग ३५ मिनिटांचा. लेखनाचा भाग वेगळा द्यायचा असतो, त्यालाही गुण नाहीत. लॉजिक गेम्सवरची जुनी पुस्तकं कुणी प्रेमाने दिली तरी बाजूला ठेवा.

ही परीक्षा पाठांतराची नाही. एक छोटा परिच्छेद, त्यात एक युक्तिवाद, आणि प्रश्न असा की यात न बोलता काय गृहीत धरलंय, किंवा कोणत्या गोष्टीने हा युक्तिवाद कमकुवत होईल. आपल्या घरांतली मुलं गणितात वेगवान असतात आणि इथे त्याच वेगाने वाचतात, म्हणून चुकतात. भाचीची वही मला अजून आठवते. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी एक पान. वर तिने निवडलेला पर्याय आणि तो तेव्हा का बरोबर वाटला, खाली खरा पर्याय, आणि शेवटी एका वाक्यात फसवणारा शब्द. "काही" आणि "बहुतेक" यांतला फरक त्या वहीत चाळीस वेळा तरी आला असेल. क्लासपेक्षा त्या वहीनेच तिचे गुण वाढवले असं मी ठामपणे म्हणेन.

वेळापत्रक असं धरा. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीत काहीही न वाचता एक पूर्ण जुना पेपर घड्याळ लावून द्यायचा. एलसॅकच्या लॉहब या संकेतस्थळावर काही अधिकृत पेपर फुकट मिळतात. तो पहिला आकडा कितीही कमी आला तरी घरात कुणी तोंड पाडू नका, तो नुसता सुरुवातीचा दगड आहे. दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा पूर्ण अभ्यासाला ठेवायचा, आठवड्याला पंधरा-वीस तास. पहिला प्रयत्न ऑगस्टमध्ये, लागला तर दुसरा ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये. जानेवारीची परीक्षा राखीव, पण कार्यक्रमाच्या मुदतीत तिचे गुण धरतात का ते आधी विचारा. पाच वर्षांत पाच आणि आयुष्यात सात वेळाच ही परीक्षा देता येते. "सवय व्हावी म्हणून" एक प्रयत्न वाया घालवू नका, त्यासाठी सराव पेपर आहेत.

काही विद्यापीठं आपल्याच हुशार विद्यार्थ्यांना एलसॅटशिवाय घेण्याची सोय ठेवतात. ऐकायला गोड आहे. पण एलसॅट नाही म्हणजे शिष्यवृत्तीसाठी हातात काही नाही, आणि दुसरीकडे अर्ज करायचा तर पुन्हा पहिल्यापासून. मला ती सोय कधी पटली नाही.

पायरी पाचवी: शक्यता मोजा

बार असोसिएशनच्या ५०९ क्रमांकाच्या मानकानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला दर वर्षी आपली माहिती जाहीर करावीच लागते. शाळेचं नाव आणि ५०९ हा आकडा घालून शोधलं की मिळते. त्यात अर्ज किती आले, किती स्वीकारले, आणि आलेल्या वर्गाचे एलसॅट व जीपीएचे तीन-तीन आकडे असतात: पंचविसावं शतमान (पाव वर्ग त्याच्या खाली), मधलं, पंचाहत्तरावं (पाव वर्ग त्याच्या वर).

समजा एका ठिकाणी एलसॅटचे आकडे १५७, १६१, १६३ आहेत आणि जीपीएचे ३.५०, ३.७५, ३.८८. साधारण अर्जदारासाठी हिशोब असा: दोन्ही आकडे मधल्याच्या वर असतील तर शक्यता उत्तम, दोन्ही पंचविसाव्याच्या खाली असतील तर जवळपास नाही. एक वर आणि एक खाली असेल तर लॉ स्कूल बऱ्याचदा घेतं, कारण त्या मुलाच्या चांगल्या आकड्याने शाळेचा तो मीडियन सांभाळला जातो, आणि मीडियनचा परिणाम क्रमवारीवर होतो.

तीन अधिक तीनमध्ये मात्र उंबरठा अनेकदा दोन्ही आकड्यांना लावलेला असतो. एलसॅट १६५ आणि जीपीए ३.६ असलेली मुलगी नेहमीच्या रांगेत त्याच लॉ स्कूलला आनंदाने घेतली जाईल, कदाचित शिष्यवृत्तीसह, आणि याच कार्यक्रमाच्या नियमात मात्र अडकेल. उलट दोन्ही उंबरठे पार केलेल्या मुलाला, नियमात "प्रवेश दिला जाईल" असेल तर, जवळपास खात्रीच. म्हणून लोक विचारतात तसं "या प्रोग्रॅमला किती टक्के घेतात" यातून फारसं काही कळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला कागदावर दोन उभ्या रेघा ओढा, एक जीपीएची, एक एलसॅटच्या सराव पेपरांच्या सरासरीची. आपण दोन्हींवर कुठे उभे आहोत ते खूण करून बघा. सराव पेपरांत शेवटच्या पाचांची सरासरी धरा, एकुलता एक सर्वोत्तम पेपर धरू नका.

त्याच अहवालांच्या शेजारी बार परीक्षेत, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेत, पास होणाऱ्यांची टक्केवारी आणि दहा महिन्यांनंतरच्या नोकऱ्यांचे आकडेही मिळतात. प्रवेश मिळतोय म्हणून जाण्याआधी तेही वाचा. बार पास व्हायची शक्यता हासुद्धा शक्यतेचाच भाग आहे.

पायरी सहावी: पैसे

"एक वर्षाची फी वाचते" हे खरं आहे, पण वाचतं ते कॉलेजचं वर्ष. लॉ स्कूलची तिन्ही वर्षं पूर्ण भरावी लागतात, आणि चौथ्या वर्षी तुम्ही कॉलेजऐवजी लॉ स्कूलची फी देता. मुलाला कॉलेजमध्ये मोठी शिष्यवृत्ती असेल तर ती बहुधा चौथ्या वर्षी बरोबर येत नाही. मग तुम्ही स्वस्त वर्ष वाचवलंत.

आमचा हिशोब काल्पनिक गोल आकड्यांत सांगते. कॉलेजचं चौथं वर्ष राहण्यासह २८,००० डॉलरला पडणार होतं, तेवढे वाचणार, आणि वर्षभर आधी नोकरी लागणार. दुसऱ्या बाजूला, चौथं वर्ष करून एलसॅट चार गुणांनी वाढवला तर त्याच पातळीच्या तीन-चार लॉ स्कूलना अर्ज करून वर्षाला २५,००० ची शिष्यवृत्ती मिळण्याची खरी संधी होती. तीन वर्षांचे झाले ७५,०००. तीन अधिक तीनमध्ये अर्ज एकाच लॉ स्कूलला असतो, त्यामुळे "दुसरीकडे इतके देतात" असं म्हणून घासाघीस करता येत नाही. आम्ही हे कागदावर मांडलं तेव्हा घरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

कर्जाचा नियमही बदलला आहे. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे संघीय कर्ज बंद होतं आहे. कायद्यासारख्या व्यावसायिक पदवीसाठी संघीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. महागड्या शहरातल्या लॉ स्कूलची फी आणि राहणं मिळून त्या मर्यादेच्या सहज पुढे जातं. वरचं खासगी कर्जातून उभं करावं लागेल, आणि त्याला बहुधा आईवडिलांची सही लागेल. आर्थिक मदत कार्यालयाला नेमकं विचारा: चौथ्या वर्षी माझी मुलगी तुमच्या लेखी कॉलेजची विद्यार्थिनी की लॉ स्कूलची?

व्हिसाची गोष्ट, जी कुठल्याही माहितीपत्रकात नसते

आपल्यातली कित्येक मुलं एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्या आईवडिलांवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत. एकविसावं वर्ष पूर्ण झालं की एच-४ संपतो. तीन अधिक तीनमधलं मूल लॉ स्कूलचा उंबरठा ओलांडतं नेमकं त्याच वयात. ग्रीन कार्डची रांग लांब असेल तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जायची तयारी वाढदिवसाच्या बऱ्याच आधी, दुसऱ्या वर्षातच वकिलाला विचारून सुरू करा. एच-४ असो वा एफ-१, संघीय कर्ज मिळत नाही, म्हणजे वरच्या परिच्छेदातले ५०,००० सुद्धा हिशोबातून वजा करा. एफ-१ वर जे.डी.नंतर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, बारा महिन्यांचीच असते. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळते ती वाढ कायद्याला नाही.

पुण्या-नागपुरातल्या भाच्या-पुतण्यांसाठी विचारणाऱ्यांना मी वेगळा रस्ता सुचवते. तिथे पाच वर्षांची बी.ए. एलएल.बी. करून इथे एक वर्षाची एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) केली तर न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला बसता येतं, त्यांच्या अटी पुऱ्या होत असतील तर. त्यासाठी अठराव्या वर्षी इथे येऊन सहा वर्षांची डॉलरमधली फी भरण्याची गरज नाही.

पायरी शेवटची: अर्ज, आणि मागचं दार उघडं ठेवणं

अर्ज तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात जातो. दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात, आणि तीन वर्षांच्या मार्गावर प्राध्यापकांना ओळख व्हायलाही कमी वेळ मिळतो. दुसऱ्या वर्षी लहान वर्गाचे दोन तरी कोर्स घ्या आणि प्राध्यापकांच्या ऑफिसच्या वेळेत जात राहा. निबंध दोन पानांचा. लॉ स्कूलला "मी एवढ्या लवकर का येतेय" याचं उत्तर हवं असतं, आणि "वर्ष वाचतं" हे ते उत्तर नव्हे. भाचीने आजीच्या सातबाऱ्यावरच्या नावाच्या भांडणावर लिहिलं, तीस वर्षं चाललेल्या. तिथे तिला कायदा पहिल्यांदा दिसला होता, आणि ते खरं असल्याचं वाचताना कळत होतं.

शिस्तभंगाचा प्रश्न अर्जात येतो. वसतिगृहातली साधी नोटीस असली तरी लिहा. लपवलेलं पुढे बारच्या चारित्र्य तपासणीत निघालं तर मूळ चुकीपेक्षा महाग पडतं.

निकाल कधी कधी मे महिन्यापर्यंत लांबतो, आणि चौथ्या वर्षाची कोर्सनोंदणी एप्रिलमध्येच होऊन जाते. काही झालं तरी ती नोंदणी करा, वसतिगृहाची अनामत भरा, शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज टाका. भाचीचा जीपीए उंबरठ्याच्या वर होता, एलसॅट एका गुणाने खाली. पत्र आलं त्या दिवशी ती खूप रडली. पण ऑगस्टमध्ये तिच्या नावावर पाच कोर्स होते, खोली होती, शिष्यवृत्ती होती, आणि सप्टेंबरच्या एलसॅटची नोंदणीही तिने त्याच आठवड्यात करून टाकली होती.